वेशीवरचे विकर

पेशीची वाढ आणि पेशीचे विभाजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोलताना दोन्हींना ‘वाढ’च म्हटले जाते, आणि पाठ्यपुस्तकांत विभाजनाच्या आकृत्या इतक्या ठळक असतात की वाढीचा प्रश्न त्यांच्या आड झाकला जातो. बेडकाचे फलित अंडे सुरुवातीच्या काही तासांत एकाचे दोन, दोनाचे चार असे विभागत जाते, पण एकूण गोळा होता तेवढाच राहतो. तेथे विभाजन आहे, वाढ नाही. तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाचे दंड भरतात ते मुख्यतः आहेत तेच स्नायुतंतू जाड झाल्यामुळे. तेथे वाढ आहे, विभाजन नावापुरते. वाढ म्हणजे पेशीच्या द्रव्यात भर पडणे. प्रथिने, मेदद्रव्ये, न्यूक्लिक आम्ले आणि प्रथिने घडवणारे रायबोसोम हा सगळा माल पेशीला आपला आपण तयार करावा लागतो, आणि तो फार महाग पडतो. घर बांधायला काढले आणि निम्म्यावर पैसा संपला, ही पाळी पेशीवर आली तर ती मरते.

म्हणून वाढीचे काम हाती घेण्यापूर्वी पेशी शिलकीचा अंदाज घेते. अमिनो आम्ले पुरेशी आहेत का, ऊर्जा आहे का, प्राणवायू मिळतो आहे का, आणि शरीराचा वाढीचा सांगावा आला आहे का, या सर्व बाबी तपासून वाढीला परवानगी देणारे किंवा नाकारणारे एक विकर प्राणी, वनस्पती आणि बुरशी या तिन्ही कुळांच्या पेशींत आढळते. सस्तन प्राण्यांत त्याला एमटॉर म्हणतात. हे विकर ‘प्रोटीन कायनेझ’ या वर्गात मोडते. त्याचा शोध सरळ मार्गाने लागलेला नाही. त्याला अडवणारे औषध आधी सापडले आणि ते औषध नेमके कशाला अडवते याचा माग काढत संशोधक या विकरापर्यंत पोहोचले. या क्षेत्राची बरीचशी वैशिष्ट्ये, आणि काही गैरसमजही, या उलट्या प्रवासातून आलेले आहेत.

कायनेझ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘हालवणे’ या अर्थाच्या धातूवरून आला. एटीपी या ऊर्जाद्रव्याच्या रेणूला तीन फॉस्फेट गट जोडलेले असतात. त्यांतला शेवटचा गट काढून दुसऱ्या रेणूला चिकटवणारे विकर ते कायनेझ, आणि हा दुसरा रेणू प्रथिन असेल तर ते प्रोटीन कायनेझ. प्रथिन ज्या वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे बनते, त्यांपैकी प्रामुख्याने सेरीन, थ्रिओनीन आणि टायरोसीन या तिघांनाच असा फॉस्फेट चिकटवला जातो. कृती एवढीशीच, पण फॉस्फेटावर ऋण विद्युतभार असतो. तो एका जागी आला की प्रथिनाची घडी बदलते, एखादे बंद असलेले कार्यस्थान उघडते, एखादा जोडीदार सुटतो किंवा नवा येऊन बिलगतो. काम झाले की फॉस्फेटेझ नावाची विकरे तो फॉस्फेट उतरवतात. दिव्याच्या बटणासारखी ही चालू-बंद यंत्रणा पेशीतील बहुतेक संदेशवहनाच्या मुळाशी आहे.

सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास स्नायूंतील ग्लायकोजेन फोडणाऱ्या विकराचा अभ्यास करताना हे बटण प्रथम ओळखले. त्या काळी हा स्नायूंपुरता मर्यादित असा तपशील वाटत होता. त्याचे महत्त्व पूर्णपणे पटायला वेळ लागला आणि या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९२ मध्ये. मानवी जनुकसंचात प्रोटीन कायनेझांची पाचशेहून अधिक जनुके आहेत, अशी मोजदाद २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. एमटॉर हे त्यांतले एक, आणि थोडे विक्षिप्त. त्याच्या कार्यस्थानाची ठेवण मेदद्रव्यांना फॉस्फेट लावणाऱ्या कायनेझांशी मिळतीजुळती आहे, पण ते काम मात्र प्रथिनांवर करते. २,५४९ अमिनो आम्लांची त्याची साखळी प्रथिनांच्या मानाने अवाढव्य म्हणावी अशी आहे.

त्याची कहाणी सुरू होते प्रशांत महासागरातील रापा नुई ऊर्फ ईस्टर बेटावर. डिसेंबर १९६४ मध्ये स्टॅन्ली स्कोरिना यांच्या नेतृत्वाखाली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम या बेटावर उतरली. बेटावर विमानतळ होणार होता, आणि बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या रहिवाशांचे आरोग्य त्यापूर्वी नोंदवून ठेवावे असा हेतू होता. मोहिमेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्राडी यांना एक कोडे पडले. बेटावर घोडे पुष्कळ, माणसे अनवाणी हिंडणारी, जखमा नित्याच्या. तरीही धनुर्वात जवळपास नाही. त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडून प्रत्येकातून माती गोळा केली. धनुर्वाताचे बीजाणू त्यांना एकाच नमुन्यात आढळले. ही माती पुढे माँट्रियलमधील आयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचली. बेट ज्यांचे, त्या रापा नुई लोकांना पुढच्या कमाईत वाटा मिळावा असा विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९९२ साल उजाडावे लागले.

त्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जीवाणूने बुरशीला मारक असे द्रव्य तयार केले होते. १९७२ मध्ये ते वेगळे करण्यात आले आणि बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन म्हटले गेले. १९७५ मध्ये ते शोधनिबंधांतून जगासमोर आले. या कामातील एक प्रमुख नाव सुरेंद्रनाथ सहगल यांचे. आज पाकिस्तानात असलेल्या खुशाब येथे १९३२ मध्ये जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले आणि ब्रिस्टल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून कॅनडात आलेले सहगल यांनी या द्रव्याचा पाठपुरावा अखेरपर्यंत सोडला नाही. बुरशीवरचे औषध म्हणून ते चालण्यासारखे नव्हते, कारण ते प्रतिकारशक्तीही दाबत होते. कर्करोगाच्या गाठींची वाढ ते रोखते, हेही दिसले होते. तरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद करून काम अमेरिकेत नेले आणि रापामायसिन बाजूला पडले. सहगल यांनी जीवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावून ठेवल्या आणि बिऱ्हाडासोबत न्यू जर्सीला नेल्या. कंपनीचे विलीनीकरण झाल्यावर १९८८ च्या सुमारास त्यांनी नव्या व्यवस्थापनाचे मन वळवले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांसाठी ‘सिरोलिमस’ या नावाने त्याला मान्यता दिली. एका फ्रीझरवर एवढे अवलंबून असावे, ही विज्ञानाच्या इतिहासातली अभिमानाची बाब की लाजेची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

औषध काम करते हे कळले होते, पण कशावर काम करते हे अजून अंधारात होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एवढे समजले की रापामायसिन पेशीत शिरल्यावर प्रथम एफकेबीपी–१२ नावाच्या एका छोट्या प्रथिनाला जाऊन चिकटते. पण हे प्रथिन पेशीतून काढून टाकले तरी पेशी मजेत जगते. म्हणजे खरे सावज ते नव्हे. औषध आणि हे प्रथिन मिळून तिसऱ्याच कोणाला तरी धरत असले पाहिजेत. तो तिसरा शोधण्यासाठी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टचा आधार घेतला. रापामायसिन घातले की यीस्टची वाढ थांबते. अशा लाखो पेशींतून न थांबणाऱ्या, हट्टी पेशी त्यांनी वेचल्या आणि त्यांच्यात कोणते जनुक बिघडले आहे हे पाहिले. काहींत एफकेबीपीचेच जनुक मोडले होते, हे अपेक्षित होते. उरलेल्यांत मात्र दोन अपरिचित जनुके पुढे आली. १९९१ मध्ये त्यांना टॉर–१ आणि टॉर–२ ही नावे देण्यात आली.

‘टॉर’ हे ‘रापामायसिनचे लक्ष्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनले. पण बाझेलमध्ये जर्मन बोलली जाते आणि जर्मनमध्ये टोर म्हणजे वेस. त्या शहराच्या जुन्या तटबंदीची श्पालेनटोर नावाची देखणी वेस आजही उभी आहे आणि नाव सुचताना ती मनात होतीच. योगायोगाने हा दुसरा अर्थच पुढे अधिक खरा ठरला. औषधाचे लक्ष्य ही त्या प्रथिनाची माणसाने दिलेली ओळख झाली. वाढीच्या वेशीवर उभे राहून आत काय आले, बाहेर काय चालले आहे हे पाहणे हे त्याचे स्वतःचे काम. १९९४ मध्ये डेव्हिड सबातिनी यांनी बाल्टिमोर येथे आणि स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने हार्वर्डमध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सस्तन प्राण्यांतले तेच प्रथिन शोधले. प्रत्येकाने त्याला वेगळे नाव दिले होते. कालांतराने एमटॉर हे नाव टिकले. १९९६ मध्ये हॉल यांच्या गटाने दाखवून दिले की टॉर बंद पडलेले यीस्ट अन्नाने भरलेल्या पात्रातही उपाशी असल्यासारखे वागते. पेशीची वाढ आपोआप होत राहते ही समजूत तेथे संपली.

एमटॉर एकटे काम करत नाही. ते दोन वेगवेगळ्या जथ्यांत वावरते आणि जथा बदलला की त्याचे कामही बदलते. पहिल्या जथ्यात राप्टर नावाचे प्रथिन असते. ते कामाचा माल एमटॉरच्या पुढ्यात आणून देते. या जथ्याला एमटॉर संकुल–१ म्हणतात आणि वाढीचा कारभार मुख्यतः त्याच्याकडे आहे. दुसऱ्यात राप्टरऐवजी रिक्टर असते. हे संकुल–२ पेशीचा सांगाडा, तग धरणे आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद यांच्याशी निगडित आहे. रापामायसिन पहिल्या संकुलाला चटकन अडवते. दुसऱ्याला ते थेट धरू शकत नाही, पण बराच काळ दिल्यास अनेक प्रकारच्या पेशींत तेही विस्कळीत होते. औषधाच्या दुष्परिणामांचा विचार करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

आता संकुल–१ परवानगी कशी देते ते पाहू. माणूस जेवला की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते आणि आतमध्ये कायनेझांची एक साखळी एकामागून एक जागी होते. साखळीच्या शेवटी एकेटी नावाचे कायनेझ असते. त्याच्यासमोर टीएससी हा प्रथिनांचा गट रखवालदारासारखा बसलेला असतो. टीएससीचे काम रेब नावाच्या छोट्या प्रथिनाला निष्क्रिय ठेवणे. एकेटीने टीएससीला फॉस्फेट लावला की रखवालदार बाजूला होतो, रेब जागे होते, आणि जागे झालेले रेब एमटॉरला चालना देते. म्हणजे हा मार्ग ‘वाढ’ असा हुकूम देण्यापेक्षा अडवणाऱ्याला अडवण्याचा आहे. जीवशास्त्रात अशी दुहेरी नकारांची रचना वारंवार भेटते.

पण शरीराचा हुकूम पुरेसा नाही. पेशीजवळ स्वतःचा कच्चा माल हवा, आणि तो तपासण्याची व्यवस्था या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग आहे. रेब बसते लायसोसोमच्या पृष्ठभागावर. लायसोसोम ही पेशीतील पिशवी टाकाऊ प्रथिने फोडून त्यांची अमिनो आम्ले मोकळी करते. एमटॉर मात्र एरवी पेशीद्रवात भटकत असते, रेबपासून दूर. अमिनो आम्ले पुरेशी असली तरच रॅग नावाची प्रथिने एमटॉरला ओढून लायसोसोमवर आणतात, ही गोष्ट २००८ ते २०१० या काळात उलगडली. अमिनो आम्लांचा अंदाज घेणारी प्रथिनेही सापडली आहेत: सेस्ट्रिन–२ ल्यूसीनला चिकटते, कॅस्टर–१ आर्जिनीनला. ती रिकामी असली की एमटॉरची वाट रोखून धरतात. अमिनो आम्ल येऊन बसले की वाट मोकळी करतात. तेव्हा एमटॉरला रेबच्या शेजारी यायला कच्चा माल हवा, आणि तेथे रेब जागे असायला शरीराचा सांगावा हवा. दोन्ही असतील तरच वाढ. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण पेशीने जागेच्या आणि वेळेच्या भाषेत अमलात आणली आहे.

ऊर्जेची तपासणी वेगळ्या वाटेने होते. एटीपी संपत आले की एएमपीके नावाचे दुसरे एक कायनेझ सावध होते. ते एकीकडे टीएससीचे हात बळकट करते आणि दुसरीकडे थेट राप्टरलाच फॉस्फेट लावून संकुल–१ मंदावते. प्राणवायू कमी पडला तरी अशीच एक वाट टीएससीपर्यंत जाते.

परवानगी मिळाल्यावर पुढचे काम तुलनेने सरळ आहे. प्रथिननिर्मिती सुरू होताना लागणाऱ्या एका घटकाला फोर-ई-बीपी हे प्रथिन धरून ठेवत असते. एमटॉर त्याला फॉस्फेट लावते आणि पकड सुटते. एस–६ कायनेझ या दुसऱ्या विकराला तेच जागे करते. या दोघांमुळे रायबोसोम वाढतात, प्रथिनांचे उत्पादन वेग घेते, आणि मेदद्रव्ये व न्यूक्लिओटाइडे यांची निर्मितीही जोडीने वाढते. एस–६ कायनेझाचे जनुक नसलेल्या फळमाश्या आकाराने लहान राहतात, आणि त्यांच्यात पेशींची संख्या तेवढीच असून एकेक पेशी लहान असते. वाढ आणि विभाजन यांतला सुरुवातीला सांगितलेला भेद याहून स्पष्ट क्वचितच दिसतो.

वाढीला होकार म्हणजे मोडतोडीला नकार. पेशी उपाशी असताना आपलेच जुने भाग लायसोसोममध्ये घालून पचवते. या स्वभक्षणाच्या यंत्रणेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. अन्न मुबलक असताना एमटॉर ही यंत्रणा फॉस्फेट लावून बंद ठेवते. उपासमार लांबली की ती सुरू होते, पचलेल्या भागांतून अमिनो आम्ले सुटतात, आणि त्यांच्यामुळे काही वेळाने एमटॉर पुन्हा थोडे जागे होते. त्यामुळे उपासाने स्वभक्षण ‘चालू करून ठेवता येते’ अशी जी भाषा आरोग्यविषयक लोकप्रिय लिखाणात ऐकू येते, ती या चक्राच्या मानाने फारच ढोबळ आहे.

वेस कायमची उघडी राहिली तर काय होते, हे ट्युबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक विकारात दिसते. फ्रेंच वैद्य बूर्नविल यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याचे कारण समजण्याचा मार्गच नव्हता. साधारण सहा हजार जन्मांत एका बाळाला तो असतो. टीएससीच्या दोन जनुकांपैकी एक बिघडल्यामुळे रखवालदारच नसतो. रेब सतत जागे, एमटॉर सतत कामावर. मेंदूत, मूत्रपिंडात, त्वचेवर गाठी होतात, अपस्माराचे झटके येतात, आणि मेंदूतील गाठींत प्रमाणाबाहेर मोठ्या पेशी आढळतात. रापामायसिनच्याच कुळातील एव्हरोलिमस या औषधाला या विकारातील मेंदूच्या एका प्रकारच्या गाठीसाठी २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रोगाची यंत्रणा समजली आणि तिच्यावर बेतलेले औषध लागू पडले, असे वैद्यकात वाटते तितके वारंवार घडत नाही.

कर्करोगाच्या बाबतीत अपेक्षा याहून मोठ्या होत्या. अनेक गाठींत एमटॉरच्या आधीच्या साखळीतील एखादी कडी बिघडलेली असते, तेव्हा एमटॉर रोखले की गाठ थांबेल हा तर्क सरळ होता. मूत्रपिंडाच्या कर्करोगात आणि इतर काही ठिकाणी त्याचा उपयोग झालाही, पण बहुधा गाठ मंदावली, नष्ट झाली नाही. कारणे दोन. रापामायसिन एमटॉरच्या कार्यस्थानाला न भिडता बाजूला चिकटते. त्यामुळे एस–६ कायनेझाचे काम पूर्ण थांबते, पण फोर-ई-बीपीचे पुष्कळसे चालूच राहते. शिवाय जागे झालेले एस–६ कायनेझ इन्सुलिनच्या साखळीला मागे वळून लगाम घालत असते. औषधाने ते थांबवले की लगाम सुटतो आणि एकेटी अधिकच जोमाने कामाला लागते. एका टोकाला दाबले की दुसरीकडे वर येणारी ही रचना ध्यानात न घेता ‘कर्करोगाचे बटण’ म्हणून एमटॉरकडे पाहणे महागात पडले.

याउलट ज्या उपयोगाची फारशी चर्चा होत नाही तो सर्वदूर पोहोचला आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर वाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशी वाढून ती पुन्हा अरुंद होण्याचा धोका असतो. २००३ मध्ये सिरोलिमसचा लेप असलेला स्टेंट अमेरिकेत मान्य झाला आणि आज वापरात असलेल्या बहुतेक औषधलेपित स्टेंटवर याच कुळातले एखादे औषध असते. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा आली तेव्हा वृत्तपत्रांत पानेच्या पाने मजकूर आला. लेपातले औषध रापा नुईच्या मातीशी नाते सांगणारे आहे, याचा उल्लेख त्यात अभावानेच झाला असेल.

राहता राहिला वार्धक्याचा प्रश्न. अन्न कमी मिळालेले प्राणी अधिक जगतात हे जुने निरीक्षण आहे, आणि एमटॉर अन्नाची दखल घेते. २००९ मध्ये अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या प्रयोगात ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या, उंदरांना रापामायसिन खाऊ घालण्यात आले. माद्यांची आयुर्मर्यादा १४ टक्क्यांनी आणि नरांची ९ टक्क्यांनी वाढली. इतक्या उशिरा सुरू करूनही औषधाने सस्तन प्राण्याचे आयुष्य वाढते, हे तोवर कोणी दाखवले नव्हते. माणसाच्या बाबतीत हिशेब अवघड आहे. पिंजऱ्यातल्या स्वच्छ उंदराला जंतुसंसर्गाची भीती कमी. माणसाला या औषधाने तोंडात व्रण पडतात, रक्तातील मेद आणि साखर वाढू शकते, आणि रोपणाच्या मात्रेत प्रतिकारशक्ती दाबली जाते. तरी काही धनिक आणि काही संशोधकही ते स्वतःवर आजमावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिरोलिमसला मान्यता दिलेल्या उपयोगांत मूत्रपिंडरोपण आहे आणि लॅम नावाचा फुप्फुसाचा दुर्मिळ विकारही आहे. दीर्घायुष्याचा त्यात समावेश नाही.